मूल्याचा रकाना

माझ्या आईकडे एक दाभण होता. वर्षातून दोन कामांसाठी तो डब्यातून निघे, धानाची पोती शिवायला आणि जुन्या लुगड्यांच्या गोधडीला कडा घालायला. २००९ साली धाकटी बहीण लग्न होऊन मेलबर्नला गेली आणि दाभणाला तिसरे काम लागले, परदेशी जाणारे पार्सल शिवण्याचे. (आम्ही तिला 'माय' म्हणत असू. लिहायला बसले की मायची 'आई' होते. वीस वर्षे प्रमाण मराठी शिकवल्यावर हे होणारच.)

'पार्सल शिवणे' म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते. आधी पुठ्ठ्याचा खोका, त्याभोवती घट्ट ओढलेले पांढरे मांजरपाट, कडांना दाभणाने घातलेले जवळजवळ टाके आणि टाक्यांच्या सांध्यांवर मेणबत्तीच्या आचेवर वितळवलेल्या लाखेचे थेंब. लाख ओली असतानाच तिच्यावर काहीतरी खूण दाबायची, म्हणजे वाटेत कोणी शिवण उसवून पुन्हा घातली तर कळावे. आईने खुणेसाठी बाबांची तांब्याची अंगठी ठेवली होती. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ते गेल्यानंतर त्या अंगठीला दुसरा काही उपयोग राहिला नव्हता. लाखेचे मात्र आईला अप्रूप नव्हते. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीकसा कीटक आपल्या भोवती जे कवच करतो, ती लाख. आमच्या बाजूला रानात हिंडणाऱ्या माणसाला ती ठाऊक असते. एके काळी ग्रामोफोनच्या तबकड्याही हिच्यापासूनच होत. बालगंधर्वांचा आवाज घरोघर पोचला, तो असा रानातल्या किड्याच्या पाठीवर बसून. असो.

आमचे गाव आरमोरी तालुक्यातले, वैनगंगेच्या काठचे. मी नोकरीमुळे गडचिरोलीत राहते. आई गावाकडे पार्सल शिवून एस.टी.ने माझ्याकडे घेऊन येई, कारण पोस्टाचा अर्ज इंग्रजीत भरावा लागे आणि तो भरणे हे थोरल्या, शिकलेल्या मुलीचे काम होते. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, पण वर्षानुवर्षे त्याला रेल्वेस्थानक होते ते एकच, वडशाचे. अशा ठिकाणाहून एखादी वस्तू मेलबर्नला पोचू शकते, यावर आईचा प्रथम विश्वास नव्हता. नागपूर हाच तिच्या लेखी परमुलूख. पोस्टाच्या रांगेत माझ्या पुढेमागे बहुधा राखीव दलाचे जवान असत, कोणी बिहारचा, कोणी ईशान्येकडचा. तेही घरी काहीबाही पाठवत असत. त्यांच्या हातातली खोकी पाहून आईने एकदा विचारले होते, "हे पोरं कोन्या देसाचे आहेत वं?" त्या क्षणी मला त्या रांगेत सगळेच परदेशी वाटले होते.

वर्षातून दोन पार्सले जात. एक दिवाळीआधी. त्यात जवसाची चटणी, तांदळाचे पापड, मुगाच्या वड्या आणि क्वचित आरमोरीच्या कोशाचा एखादा तुकडा असे. दुसरे वैशाखात, मोहाचा हंगाम उतरल्यावर. मोहाची फुले पहाटे गळतात. उन्हे चढण्याआधी ती वेचून आणायची आणि अंगणात वाळवायची. ती भाजून, तीळ आणि गूळ घालून उखळात कांडलेले लाडू हे आईच्या वैशाखी पार्सलाचे खरे कारण, बाकीचे जिन्नस त्यांच्या सोबतीला. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि मोहाचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला फक्त दारू आठवते. आईला या गोष्टीचा राग येई. मोह हे उन्हाळ्यातले अन्न आहे, हे ती पोस्टातल्या बाबूलाही ऐकवी.

आता त्या अर्जाविषयी. सीमाशुल्काच्या घोषणापत्राला 'सीएन २३' असे नाव आहे. जगभर त्याचा साचा साधारण एकच, कारण १८७४ साली बर्नमध्ये स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघटनेच्या नियमांनी हा सारा व्यवहार चालतो. त्यात वस्तूचे वर्णन, नग, वजन, मूल्य, मूळ देश असे रकाने असतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायचे तर हा अर्ज केवळ अभिधा ओळखतो. मोहाचे लाडू म्हणजे काय, हे तिथे एका ओळीत सांगायचे असते. 'फुले' लिहावे तर वनस्पतीजन्य पदार्थ म्हणून संशय, 'मिठाई' लिहावे तर खोटे. मी 'घरगुती गोड पदार्थ' असे लिहीत असे. त्याच्यापुढे मूल्य. पहिल्या वेळी मी आईला विचारले, "किंमत काय लिहू?" ती म्हणाली, "घरचंच तं आहे. त्याची कायची किंमत?" खिडकीमागचे गृहस्थ सौजन्याने म्हणाले की शून्य चालत नाही, काहीतरी आकडा हवा. मी दोनशे रुपये लिहिले. आईने पुढे दोन-तीन वेळा, दुसरेच काही बोलताना, "दोनसे रुपये" असे स्वतःशी म्हटल्याचे मला आठवते.

अर्जाबरोबर आणखी एक प्रश्न विचारला जातो, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पार्सल पोचवता आले नाही तर त्याचे काय करावे? प्रेषकाला परत पाठवावे, की सोडून दिलेले समजावे? परत मागवले तर येण्याचा खर्च प्रेषकाच्या माथी पडू शकतो. मी हिशेब केला आणि दुसऱ्या चौकटीत खूण केली. आई शेजारीच उभी होती. कशावर खूण केलीस, असे तिने विचारले. "काही नाही, सही केली," असे मी म्हणाले.

पोस्टाच्या त्या खिडकीशी उभी असताना मला नेहमी गोपाळराव जोशी आठवत. पदवीच्या वर्गात आनंदीबाईंचा विषय निघाला की त्यांच्याविषयी मुलांची मते ठरलेली असतात: तऱ्हेवाईक, हेकट, बायकोला शिकवण्याच्या ध्यासापायी तिला छळणारा. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीने ही प्रतिमा आणखी पक्की केली आहे आणि ती निराधार आहे असेही नाही. पण गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, ही गोष्ट आपण चरित्रातला एक तपशील म्हणून वाचतो आणि पुढे जातो. मला वाटते, तिथे थांबले पाहिजे. ब्रिटिश हिंदुस्थान १८७६ साली जागतिक टपाल संघटनेत आला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८८० साली, गोपाळरावांनी पूर्वी कोल्हापुरात काम केलेल्या वाइल्डर या मिशनऱ्याला पत्नीच्या शिक्षणासंबंधी पत्र लिहिले. ते एका अमेरिकन नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर या बाईंनी ते दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना वाचले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. समुद्रापलीकडच्या अनोळखी जगाविषयी इतका भरवसा त्या काळच्या ब्राह्मण गृहस्थाला कुठून आला, याची उत्तरे सुधारणावादात शोधली जातात. रोज शेकडो पत्ते हाताखालून जाणाऱ्या माणसाला, चार ओळी नीट लिहिल्या तर कागद कुठेही पोचतो, हे अनुभवाने माहीत असणार, एवढे साधे कारणही त्यात धरायला काय हरकत आहे?

त्यानंतर केवळ पत्रेच गेली-आली असे नाही. आनंदीबाई कलकत्त्यात असताना त्यांची प्रकृती ढासळू लागली. डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनमधून ताप. तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. त्यांचा गुण आला नाही. तोवर दोघींनी एकमेकींना पाहिलेही नव्हते. एका स्त्रीचा आजार पत्रातून समजून घेऊन दुसरी अर्ध्या पृथ्वीवरून बाटल्या बांधून पाठवते, यातली जी काळजी आहे तिचे नाते मला आमच्या मांजरपाटाशी लावावेसे वाटते. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या, ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, त्याच वर्षअखेरीस परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांनी तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठवली आणि बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी येथील आपल्या घराण्याच्या स्मशानभूमीत ठेवली. वर्गात मी हे सांगते तेव्हा एखादी मुलगी हमखास विचारते, "मॅडम, नदीत नाही सोडली?" परवाही एकीने विचारले. मी उत्तर दिले नाही. तिचे माहेर कल्याणचे, सासर टपाल खात्याच्या बदल्यांबरोबर फिरणारे. तिला आपली मानणारी बाई तिकडे होती. अशा माणसाचा कायमचा पत्ता कोणता लिहायचा, याचा निर्णय गोपाळरावांनी घेतला एवढे खरे.

मेघदूतातला यक्ष या बाबतीत सुखी होता. रामगिरी म्हणजे आपले रामटेक असे परंपरा मानते, म्हणजे तोही विदर्भातूनच पाठवणारा. कुड्याच्या ताज्या फुलांनी त्याने मेघाचे स्वागत केले आणि मग निरोप सांगितला. त्याला वस्तू पाठवायची नव्हती, म्हणून वजन नाही, मूल्य नाही, तपासणी नाही. कुडा आमच्या रानातही फुलतो. तो पार्सलात घातला असता तर मेघ अलकेच्या वेशीवर अडवला गेला असता.

आम्ही अडवले गेलो २०१३ च्या वैशाखात. धाकटीला एक पत्र आले: तुमच्या नावे आलेल्या टपालात प्रतिबंधित वनस्पतीजन्य पदार्थ आढळले आहेत. स्वतःच्या खर्चाने परत पाठवणे किंवा नष्ट करू देणे असे पर्याय होते. तिने नष्ट करू दिले. तिने मला फोन केला, आईला नाही.

यात तिकडच्या लोकांना दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही. त्या देशाचा क्वारंटाइनचा कायदा १९०८ पासूनचा, त्याची जागा पुढे २०१५ च्या जैवसुरक्षा कायद्याने घेतली. येणारे टपाल क्ष-किरणांखालून जाते, कुत्र्यांकडून हुंगवले जाते. १८५९ साली व्हिक्टोरियात एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून मागवलेले दोन डझन ससे सोडले आणि त्यांच्या संततीने खंडभर शेते खाल्ली. असे ज्याच्या घरी घडले आहे तो आपल्या लाडवाकडे संशयानेच पाहणार. आमच्या रानात घाणेरी किती माजली आहे ते पाहा. शोभेचे झुडूप म्हणून तिला बाहेरून आणले होते. गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि आज आमच्या गावच्या शाळेच्या मैदानातही आहे. नियम योग्यच होता. आईला तो कसा सांगायचा, एवढाच प्रश्न होता आणि तो मी सोडवला, तो न सांगून.

पुढच्या वैशाखात आईने शिवून आणलेले पार्सल मी घरी ठेवून घेतले, उद्या पोस्टात देते म्हणाले. ती एस.टी.त बसल्यावर कात्रीने शिवण उसवली. लाडू काढले. त्या जागी नागपूरच्या दुकानातून आणलेली सोनपापडीची आणि चिक्कीची कारखानी पाकिटे भरली, ज्यांच्यावर घटक, वजन, परवाना क्रमांक सगळे छापलेले होते. मग तेच मांजरपाट पुन्हा शिवले. मला दाभण धड चालवता येत नाही. लाखेवर दाबायला अंगठी नव्हती, ती गावाकडे होती. मी रुपयाचे नाणे दाबले.

हे मी एकदा केले नाही. २०१४ ते २०१९, सहा वेळा केले. प्रत्येक वेळी महिन्या-दीड महिन्याने आई फोनवर धाकटीला विचारी, "लाडू भेटले का वं? बुरशी तं नाही लागली?" आणि तिकडून उत्तर येई, "भेटले माय. लई छान होते." पहिल्या वेळी मी धाकटीला आधीच सांगून ठेवायला हवे होते. सांगितले नाही. तिने तसे उत्तर का दिले, याचा विचार करणेही मी टाळले.

आणि ते लाडू? ते आम्ही खाल्ले. मी आणि माझ्या मुलाने. इथे मला एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. ते खाताना मला वाईट वाटत असे, पण निव्वळ वाईट वाटत नसे. मी आईपासून एस.टी.च्या सव्वा तासाच्या अंतरावर राहत होते. तिची औषधे, बँक, शेताचे फेरफार, डोळ्यांचे ऑपरेशन सगळे मी पाहिले. माझ्यासाठी तिने कधी मांजरपाट शिवले नाही. जवळ राहणाऱ्या मुलीला डब्यातले उरलेले मिळते, पिशवीत घालून, "हे घेऊन जाजो" म्हणत. शिवलेले, लाखेने बंद केलेले, बाबांच्या अंगठीची खूण असलेले जे काही होते ते दूरच्या मुलीसाठी. मराठीत स्थलांतरितांच्या विरहावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मागे राहिलेल्या भावंडाच्या या बारीक मत्सरावर मी फारसे वाचलेले नाही. तो सांगण्यासारखा नसतो हेही खरे. सहा वर्षे तिच्या वाटचे लाडू खाताना मला मनात कुठेतरी न्याय झाल्यासारखे वाटत होते.

उलट दिशेचे टपालही येई. धाकटी आईसाठी लोकरीची जाकिटे पाठवी, ती आमच्या उन्हाळ्याला हसत ट्रंकेत पडून राहत. रक्तदाबाचे यंत्र, गुडघ्यांना लावायचे मलम, बदाम घातलेली चॉकलेटे. आई चॉकलेट खात नसे. खोक्यावरची परदेशी तिकिटे मात्र तिने कात्रीने कापून तांदळाच्या डब्यात ठेवली होती. डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या सरकारने टपालाने येणाऱ्या भेटवस्तूंची सीमाशुल्कातली सवलत काढून घेतली. अपवाद दोनच ठेवले, जीवरक्षक औषधे आणि राखी. त्यातही स्पष्टीकरण होते: राखी चालेल, राखीबरोबरच्या भेटवस्तू चालणार नाहीत. सरकारी अधिसूचनेत मी वाचलेले हे सर्वांत काव्यमय वाक्य आहे. औषधाच्या पंक्तीला धागा बसवणाऱ्या त्या अधिकाऱ्याला व्यंजना कळत असली पाहिजे.

हे नियम एका रात्रीत बदलतात आणि घराघरांतली पंचांगे विस्कटतात. अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, भारतीय टपाल खात्याने तिकडचे बहुतेक टपाल घेणे थांबवले होते. ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाले तेव्हा दिवाळी पाच-सहा दिवसांवर आली होती. माझ्या एका सहकारी बाईंचा मुलगा टेक्सासात असतो. त्यांच्या चकल्यांचा डबा दीड महिना स्टाफरूमच्या कपाटावर होता. शेवटी आम्हीच तो संपवला. त्या रोज एक चकली घेत आणि "वास नाही ना येत तेलाचा?" असे विचारत. मला माझे लाडू आठवत होते, मी चकली घेत नव्हते.

आमच्या घराचे पंचांग मात्र त्याआधीच थांबले होते. मार्च २०२० मध्ये विमाने बंद झाली तशी परदेशी टपालही थांबले. त्या वैशाखात आईने लाडू केले आणि पार्सल शिवून ठेवले, "सुरू झालं का धाडजो" म्हणून. ते धाडले गेले नाही. पुढच्या वर्षी, मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात, तापाच्या नवव्या दिवशी ती गेली. धाकटी येऊ शकली नाही. ऑस्ट्रेलियाने २७ एप्रिलपासून भारतातून येणारी विमाने थांबवली होती आणि ३ मेपासून तर भारतात राहून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही दंड आणि तुरुंगाची तरतूद केली होती, १५ मेपर्यंत. तिथून बाहेर पडायलाही तेव्हा परवानगी लागत असे. तिने सारे फोनच्या पडद्यावर पाहिले, तेही नेटवर्क होते तेवढे. अस्थी मी आणि मामेभावाने वैनगंगेत सोडल्या. नदीच्या पात्रात उभी असताना गोपाळराव माझ्या मनात आले होते, हे मी कोणाला सांगितले नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर मी ते २०२० चे पार्सल उघडले. मांजरपाट पिवळे पडले होते. लाखेवर अंगठी स्पष्ट उमटलेली होती. आत लाडवांचा भुगा झाला होता, त्याला टोके लागले होते. ते सगळे मी परसात पुरले.

२०२२ च्या जानेवारीत धाकटीचा फोन आला. येणे इतक्यात जमणार नव्हते, मूल लहान होते. तिने एकच गोष्ट मागितली, आईची गोधडी. पांघरायची नव्हे, आई खाली अंथरायची ती जुनी, हिरव्या लुगड्याची. मी म्हटले, पाठवते. मग ती म्हणाली, "ताई, या वेळी बाबांच्या अंगठीची मोहर लाव."

मी गप्प राहिले.

"तुझ्या रुपयाच्या मोहरा आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "सहाही. मांजरपाटंसुद्धा. मायचे टाके उजवीकडून डावीकडे जातात, तुझे उलटे."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? माय विचारायची तेव्हा तू बाजूलाच असायचीस." थोडा वेळ थांबून तिने विचारले, "लाडू कोणी खाल्ले?"

मी सांगितले. ती हसली की नाही हे फोनवर नीट कळले नाही. "बुरशी नव्हती ना लागली?" एवढेच तिने विचारले.

गोधडी पाठवण्याआधी मी नियम वाचले. वापरलेले कापड स्वच्छ हवे, त्याला माती, बी, गवताची काडी चिकटलेली नसावी. आईची गोधडी अंगणात अंथरलेली असे, तिच्या टाक्यांमध्ये धानाचे तूस आणि काय काय होते. मी ती दोनदा साबणाच्या पाण्यातून काढली, गरम पाण्यात भिजवली, उन्हात तीन दिवस वाळवली, उजेडासमोर धरून एकेक टाका तपासला. मांजरपाट आणले. पोस्टात आता शिवलेल्या पार्सलाचा आग्रह कोणी धरत नाही, टेप लावलेला खोकाच त्यांना बरा वाटतो. तरी मी शिवले, उजवीकडून डावीकडे, जमेल तसे. अंगठी दाबली. अर्जावर लिहिले: 'वापरलेली सुती गोधडी, नग १.' मूल्याच्या रकान्यात दोनशे रुपये. पोचले नाही तर काय करावे, याच्यापुढे या वेळी 'प्रेषकाला परत' वर खूण केली.

सहा आठवड्यांनी तिचा फोन आला. खोका वाटेत उघडून पाहिलेला होता, पण गोधडी आली होती.

"ताई, धुतलीस?"

"हो. धुवावीच लागते."

"हो," ती म्हणाली. "बरं केलंस. छान आहे."